शंका कुठे थांबवायची? सायबर सुरक्षेची पदवी आणि सिरोंचाची मुलं

(सिरोंचा येथे बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मित्रहो, आणि मागे उभे असलेल्या पालकांनो, आधी बसून घ्या. दोन बाक इथे पुढे रिकामे आहेत.

आम्हाला बोलावणं आलं तेव्हा विषय ऐकून आम्ही म्हटलं, अहो, आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. आम्हाला सायबर सिक्युरिटीच्या डिग्रीबद्दल काय विचारता? तर पलीकडून उत्तर आलं, "सर, तुम्ही फसता फसता वाचलात ना, म्हणून तुम्हीच सांगा." म्हणजे आमची कीर्ती आमच्या आधी इथे पोचलेली दिसते. तेव्हा ते प्रकरण आधी सांगून टाकतो. आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

एका सकाळी आम्हाला फोन आला. तुमच्या नावाने एक पार्सल पकडलं आहे, तुमच्या आधारवर खातं उघडून काळा पैसा फिरवला आहे. मग व्हिडिओ कॉल. समोर खाकी गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर राजमुद्रा. "कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, तुम्ही डिजिटल अटकेत आहात." अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही हे देशाला सांगितलं होतं. पण त्या सकाळी आम्हाला ते आठवलं नाही. तर्कशास्त्र शिकवण्यात आमचा जन्म गेला, आणि आम्ही दोन तास त्या खुर्चीत हात जोडून बसलो. मुदत ठेव मोडायला निघणारच होतो. तेवढ्यात आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, ते कुठल्या पोलीस स्टेशनचे म्हणतात? मी माझ्या फोनवरून तिथं लावून विचारते ना." एवढंच वाक्य. समोरच्याला ते ऐकू गेलं आणि कॉल बंद झाला.

आता बघा, त्यांनी केलं काय? जो माणूस स्वतःबद्दल काही सांगतो आहे, त्याचं खरंखोटं त्यालाच न विचारता दुसऱ्या वाटेने तपासायचं ठरवलं. सायबर सुरक्षेच्या पदवीत चार वर्षं जे शिकवतात, त्याचा निम्मा गाभा हाच आहे. आम्ही हे गंमतीने म्हणत नाही.

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. ज्ञान झालं, ते खरं कशावरून? मीमांसक म्हणत, ज्ञान मुळात प्रमाणच असतं. ते खोटं ठरवणारं काही पुढे आलं तरच सोडायचं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणत, छे, ज्ञानाचा खरेपणा ज्ञानाच्या बाहेरून सिद्ध करावा लागतो. हे परतःप्रामाण्य. या भांडणावर शेकडो वर्षं ग्रंथ लिहिले गेले. आमचे विद्यार्थी वर्गात जांभया देत आणि विचारत, सर, याचा उपयोग काय? तेव्हा आम्हाला उत्तर देता येत नसे. आज येतं.

इंटरनेट ज्यांनी बांधलं, ते मनाने मीमांसक होते. १९६९ साली अमेरिकेत चार ठिकाणची यंत्रं जोडून सुरुवात झाली. पुढची अनेक वर्षं त्या जाळ्यावरची माणसं एकमेकांना ओळखत होती. म्हणून नियम असे ठरले की समोरच्या यंत्राने सांगितलेलं खरं मानायचं. ईमेल पाठवण्याची जी पद्धत १९८२ मध्ये ठरली, तिच्यात पाठवणारा आपलं नाव स्वतःच लिहितो, आणि ते तपासायची सोय मूळ पद्धतीत नाही. पोस्टाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं, तसंच. मग त्याच जाळ्यावर बँका आल्या, सातबारा आला, आधार आला. पाया तोच राहिला. त्यामुळे नंतरच्या लोकांना नैयायिक व्हावं लागलं. २०१० च्या सुमारास 'झीरो ट्रस्ट' असा शब्द रूढ झाला, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने त्यावर पुस्तिका काढली. तिचं सार काय, तर आतला आहे म्हणून कुणावर विश्वास टाकायचा नाही, प्रत्येक विनंती प्रत्येक वेळी तपासायची. परतःप्रामाण्यच की हे! आमच्या उदयनाचार्यांना त्यात नवं काही वाटलं नसतं.

हे न तपासल्यावर काय होतं, त्याचं आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊ. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक. १९०६ साली स्थापन झालेली, जुनी आणि मोठी. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून तिचे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपव्यवस्थेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. सगळे मिळून ९४ कोटी ४२ लाख.

आता यातली मेख समजून घ्या. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा ते यंत्र आपल्या मनाने पैसे देत नाही. ते बँकेला विचारतं, या खात्यात एवढी रक्कम आहे का? मध्ये एक स्विच नावाची व्यवस्था असते. ती प्रश्न आत नेते, उत्तर बाहेर आणते. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून आपला एक खोटा स्विच मध्ये उभा केला. एटीएमचा प्रश्न आला की तो बँकेच्या मुख्य संगणकाला काही विचारायचाच नाही, स्वतःच सांगायचा, "हो, आहेत पैसे, द्या." जगभरातली एटीएम बिचारी ते ऐकून नोटा मोजत राहिली. न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचं तर शब्दप्रमाण हे आप्ताचं, म्हणजे जाणकार आणि खरं बोलणाऱ्या माणसाचं वचन असतं. इथे वचन होतं, पण आप्त बदललेला होता. त्या प्रत्येक एटीएमने नियमाप्रमाणेच काम केलं, म्हणूनच ते पैसे गेले.

पुढे पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा केली. ही देशातल्या एटीएमवर बनावट कार्डं घेऊन गेलेली माणसं. खोटा स्विच ज्यांनी उभा केला, ते त्या पिंजऱ्यात नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने आपल्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला आहे. म्हणजे पुण्यातल्या ठेवीदाराचा शत्रू हजारो किलोमीटरवर बसलेला. सिरोंचातल्या ठेवीदाराचाही तो तिथेच बसलेला असू शकतो. अंतर आपल्याला बसने जाताना लागतं, त्याला लागत नाही.

तर आता पदवीकडे वळू. ती नावं ऐकून तुम्ही गोंधळला असाल. अभियांत्रिकीत एका शाखेचं अधिकृत नाव आहे 'कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, कंसात इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लूडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी'. एवढं नाव प्रमाणपत्रावर मावतं कसं, हेच आम्हाला कळत नाही! पण नावाला भुलू नका. अभ्यासक्रम उघडून बघा. पहिली दोन वर्षं बहुतेक ठिकाणी तीच असतात: गणित, थोडं भौतिकशास्त्र, प्रोग्रामिंग, मग डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस. तिसऱ्या वर्षापासून गुप्तलेखनशास्त्र, नेटवर्कची सुरक्षा, व्हायरसची चिरफाड, डिजिटल पुराव्यांचा तपास, आणि कायदा. चौथ्या वर्षी प्रकल्प आणि इंटर्नशिप.

मुलं विचारतात, सर, पहिल्या वर्षापासून हॅकिंग का नाही शिकवत? अरे, कुलूप कसं बनतं ते माहीत नसेल तर ते उघडायला दगडच वापरशील. खोटा स्विच कसा उभा राहिला हे समजायला आधी खरा स्विच कसा बोलतो ते समजावं लागतं. पहिली दोन वर्षं कंटाळवाणी वाटतील. ती टाळून जो थेट तीन महिन्यांचा 'एथिकल हॅकिंग'चा क्लास लावतो, तो दुसऱ्याने लिहिलेली साधनं चालवतो आणि त्यांनी काम केलं नाही की बसून राहतो.

गणिताचा एक नमुना दाखवतो, कारण त्याची भीती फार आहे. फळ्यावर बघा. समजा, प्राणहितेच्या अलीकडच्या काठावर एक जण आहे, पलीकडे एक. दोघांना एक गुप्त आकडा ठरवायचा आहे. पण नदीवरून ओरडूनच बोलावं लागतं, आणि घाटावरचे सगळे ऐकतात. जमेल? १९७६ पर्यंत जगाचं उघड उत्तर होतं, नाही जमणार. त्या वर्षी डिफी आणि हेलमन या दोघांनी रीत छापली. दोघं आधी ओरडून दोन आकडे ठरवतात, २ आणि ११. अलीकडचा मनात ३ धरतो, सांगत नाही. २ चा तिसरा घात ८. ११ ने भागून बाकी ८च. तो ओरडतो, "आठ!" पलीकडचा मनात ४ धरतो. २ चा चौथा घात १६, ११ ने भागून बाकी ५. तो ओरडतो, "पाच!" आता अलीकडचा त्या ५ चा तिसरा घात करतो, १२५, ११ ने भागून बाकी ४. पलीकडचा ८ चा चौथा घात करतो, ४०९६. करा बघू भागाकार. बाकी किती? शाब्बास, ४च. दोघांपाशी ४ आला, आणि तो कुणीच ओरडलेलं नाही. घाटावरच्यांनी २, ११, ८, ५ सगळं ऐकलं. आकडे एवढे लहान असतील तर ते बसून शोधतील. पण ११ च्या जागी सहाशे अंकी मूळ संख्या घ्या. मग जगातले सगळे संगणक लावले तरी आज ज्ञात असलेल्या रीतींनी ते हाती लागत नाही. तुमच्या मोबाइलमध्ये बँकेचं ॲप उघडतं तेव्हा याच जातीचं गणित होत असतं. यात काय लागलं? घात आणि बाकी. सातवी-आठवीचं गणित. पुढचं अवघड आहे, पण दार हे असं आहे. आणि एवढी मोठी संख्या मूळ आहे की नाही, हे ठरवण्याची झटपट आणि बिनचूक रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना या तिघांनी दिली. त्यातले दोघे तेव्हा नुकतेच बी.टेक. झालेले होते.

पण थांबा. त्या नदीवरच्या गोष्टीत एक भोक आहे. कुणाला दिसलं? पलीकडून "पाच" ओरडणारा तोच आहे कशावरून? अंधारात नावेत बसून तिसराच कुणी ओरडत असेल तर? गुप्तता पक्की झाली, पण कुणाशी झाली ते माहीत नाही. म्हणून ओळख पटवणारा कुणी साक्षीदार लागतो. इंटरनेटवर त्याला प्रमाणपत्र देणारी संस्था म्हणतात. मग त्या संस्थेला कोण ओळखतं? तिच्या वरची संस्था. तिला? हा आमचा अनवस्था दोष. प्रत्येक प्रमाणाला दुसरं प्रमाण मागत गेलं तर शेवट नाही. नैयायिकांवर हाच आक्षेप होता आणि त्यांचं उत्तर व्यवहारी होतं: ज्या शंकेने माणसाचं स्वतःचं वागणंच अशक्य होतं, तिथे शंका थांबते. संगणकातही ती कुठेतरी थांबवावीच लागते. काही मूळ संस्थांवर तुमचा फोन कारखान्यातूनच विश्वास ठेवून बाहेर पडतो. आणि ते मूळही डळमळू शकतं. २०१४ च्या जुलैमध्ये आपल्याच देशातल्या एका सरकारी प्रमाणपत्र संस्थेकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं आणि ती रद्द करावी लागली. केन थॉम्पसन या मोठ्या संगणकतज्ज्ञाने १९८४ च्या आपल्या भाषणात दाखवलं होतं की प्रोग्राम तपासला, पण तो तयार करणारं साधनच फितूर असलं तर तपासून उपयोग नाही. शंका कुठे थांबवायची हे ठरवणं हाच या माणसांचा रोजचा धंदा आहे. सगळ्यावर शंका घेणारा इथे निरुपयोगी. त्याच्या बँकेत कुणाला पैसेच काढता येणार नाहीत.

इथून आपण आपल्या सिरोंचात येऊ. पाठ्यपुस्तकात सुरक्षेचे तीन खांब सांगतात: गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. शहरातली मुलं पहिल्यावरच अडकतात, पासवर्ड, पासवर्ड. तुम्हाला दुसरे दोन जास्त चांगले कळतील, असं आम्हाला वाटतं.

अखंडता म्हणजे नोंद कुणी मध्येच बदललेली नसणं. तेंदूच्या फडावर ७० पानांचं पुडकं आणि १००० पुडक्यांची गोणी. आईने किती पुडकी दिली हे मुन्शीच्या वहीत असतं. तो आकडा गुप्त ठेवायची गरज नाही, साऱ्या फडासमोर तो बोलला जातो. पण रात्रीतून ३०० चे २३० झाले तर हंगाम बुडाला. मग उपाय काय? एक नोंद मुन्शीकडे, एक घरी. दोन्ही जुळल्या पाहिजेत. संगणकात हेच करतात. नोंदीची एक प्रत अशा जागी ठेवतात की नोंद बदलणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. हे ज्याला फडावर कळलं, त्याला तिसऱ्या वर्षाचा तो धडा अर्धा येतोच.

आणि उपलब्धता. पैसे सुरक्षित आहेत, पण मिळत नाहीत, तर ते सुरक्षित नाहीत. गावात बँकेचा माणूस छोटं यंत्र घेऊन येतो, आजी अंगठा ठेवते, यंत्र म्हणतं जुळत नाही. उभा जन्म बांबू तोडून, धान कापून अंगठ्याच्या रेषा झिजल्या. तिच्यासाठी सुरक्षेची व्यवस्थाच हल्लेखोर झाली! दुसरीकडे, अंगठ्याची नक्कल करून खातं रिकामं केल्याचे गुन्हे देशात नोंदले गेलेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कसा बदलणार? आधारचं बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे, हवं तेव्हा उघडता येतं. पण मग ते उघडायला मोबाइल आणि रेंज लागते, आणि आजीकडे दोन्ही नाही. या कोड्याचं उत्तर आमच्यापाशी नाही. बंगळुरूच्या काचेच्या इमारतीत बसलेल्याला तर हा प्रश्न पडणारही नाही. ज्याने त्या रांगेत आजीचा हात धरून उभं राहून पाहिलं आहे, त्याला पडेल. तुमच्यातलं कुणी या क्षेत्रात जावं असं आम्हाला वाटतं, त्याचं मुख्य कारण हे आहे. नोकरीचं नंतर बोलू.

तिसरं उदाहरण नदीचंच. पलीकडे मेडिगड्डाचा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला. ८५ दरवाजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले, ते तुम्ही पाहिलंच आहे. त्यात संगणकाचा काही संबंध नव्हता. पण दरवाजे, पंप, वीजकेंद्रं ही सगळीकडे हळूहळू संगणकाच्या ताब्यात जात आहेत. आपल्या चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र घ्या. अशा यंत्रांची सुरक्षा ही वेगळी विद्याशाखा झाली आहे. २०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा प्रोग्राम उघडकीस आला, त्याने इराणमधली अणुइंधनाची यंत्रं मोडली, आणि पडद्यावर मात्र सगळं ठीक दिसत होतं. परत तेच, आप्त बदललेला. तेव्हा पाण्याच्या पातळीचा आकडा खरा असणं म्हणजे काय, हे नदीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता एक धोक्याची गोष्ट, आणि ही मुलांनो नीट ऐका. या विद्येत मोडायला शिकवतात. मोडता येऊ लागलं की हात शिवशिवतात. शाळेचं वायफाय, मित्राचं इन्स्टाग्राम. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा, त्यात २००८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणं येतं. ते अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "मी फक्त बघत होतो" हा बचाव पोलिसांपुढे फार टिकत नाही. १९८८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. नुकसान करण्याचा हेतू नव्हता असं त्याचं म्हणणं. पण हिशेबात चूक झाली, तो प्रोग्राम एकाच यंत्रावर पुन्हापुन्हा चढत गेला आणि हजारो यंत्रं बसली. त्याला शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला, हेही खरं. पण प्रत्येकाला ती दुसरी संधी मिळत नाही, आणि गडचिरोलीच्या मुलाला ती मिळेल याची खात्री आम्ही देणार नाही. काम घ्याल तेव्हा परवानगी लेखी घ्या, कुठल्या यंत्रावर आणि किती दिवस ते लिहून घ्या.

कायद्याचं दुसरं टोकही लक्षात ठेवा. याच कायद्यात ६६-अ नावाचं कलम होतं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्यावरून श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. सुरक्षेच्या नावाखाली माणसाचं तोंडही बंद करता येतं. त्यामुळे या पदवीत कायद्याचा पेपर आला की तो 'सोपा विषय' म्हणून ढकलू नका.

आता व्यवहाराचं. आमचं मत स्पष्ट आहे आणि काही पालकांना ते आवडणार नाही. पदवीत 'सायबर' हा शब्द असलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. चांगल्या महाविद्यालयातली साधी कॉम्प्युटरची पदवी, कमकुवत महाविद्यालयातल्या चकचकीत नावाच्या पदवीपेक्षा बरी. सुरक्षेचं खास शिक्षण पुढे घेता येतं. पुण्याच्या सी-डॅकचा सिस्टिम आणि सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, इग्नूचेही अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाआधी त्या कॉलेजात जाऊन प्रयोगशाळा दाखवा म्हणा. हा विषय शिकवायला पूर्णवेळ किती शिक्षक आहेत ते विचारा. शंभर टक्के नोकरीची हमी देणारा दिसला की आमच्या खाकीवाल्याची आठवण ठेवा.

बी.टेक.ला बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स हवं, आणि एमएचटी-सीईटी. बीसीएला २०२४-२५ पासून राज्यात वेगळी सीईटी आहे, ती न देता मग जुलैत धावपळ करणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. बी.एस्सी. तीन वर्षांची, नव्या धोरणात चौथं ऑनर्सचं. ज्यांना घरची ओढ आहे त्यांना चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झाल्यापासून निदान मार्कशीटसाठी नागपूर गाठावं लागत नाही. पण गडचिरोलीही इथून दोनशे किलोमीटरहून लांब आहे, तेव्हा 'घरचं' म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

इंग्रजीची धास्ती आहे, ठाऊक आहे. पुस्तकं इंग्रजीतच आहेत. पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयाने कॉम्प्युटरची पदवी मराठीतून सुरू केली आहे, पण नोकरीत पुढे इंग्रजी वाचावंच लागतं. मात्र उलट बाजूही बघा. इथलं पोर घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी बोलतं, कुणाला माडियाही येते. फसवणारे फोन आज याच भाषांतून येतात, आणि फसलेली बाई आपली हकीगत याच भाषांतून सांगते. ती ऐकून समजणारा तपासनीस पुण्यात शोधूनही सापडणार नाही.

थोडे प्रश्न घेतो. बोल बेटा, उभी राहा.

"सर, लॅपटॉप नाही." पहिल्या वर्षी लायब्ररीचा चालतो. जुना, कुणी टाकून दिलेला संगणक मिळाला तर त्यावर लिनक्स घाल, ते फुकट आहे आणि हा विषय शिकायला तेच लागतं. सरकारच्या 'स्वयम'वर व्याख्यानं फुकट आहेत. रेंज मिळेल तिथे उतरवून घे आणि घरी बघ.

मागून एक वडील विचारतात, पैसे मागणारा फोन आला आणि पैसे गेलेच तर? १९३० या नंबरवर लगेच फोन करा. लाज वाटते म्हणून संध्याकाळपर्यंत थांबू नका, तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात. आम्हालाही लाज वाटलीच होती.

आणि ताई, तुमचा प्रश्न फीचा आहे. मुलीसाठी ना? जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतूनच झाला पाहिजे, कॉलेजच्या कोट्यातून घेतला तर नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या आहेत, आणि आदिवासी मुलांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी स्वयम योजनेतून खात्यात पैसे येतात. हे नाव आणि त्या व्याख्यानांचं नाव एकच आहे, घोटाळा करू नका. फीमाफीचा अर्ज महाडीबीटीवर. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास यांचे अर्ज तहसीलला, आणि जात वैधतेचा जात पडताळणी समितीकडे, असे तिन्ही निकालाची वाट न बघता आत्ताच टाका. वैधतेला महिने लागतात. आणि दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि दहावीच्या सनदेवरचं नाव अक्षरशः एकच आहे का ते आज घरी गेल्यावर तिघांनी बसून ताडून बघा. एका काना-मात्रेवरून फॉर्म परत येतो.